अर्धी पळी

ता. ७ ऑक्टोबर

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.

तुझं पत्र मिळालं. 'पोरींकडे लक्ष असू दे' हे तू त्यात तीनदा लिहिलं आहेस. लक्ष आहे, बाई. तुझ्या मुलाच्या दोन्ही मुली दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतात. दहाच्या सुमारास जिना वाजतो आणि मी शेगडी पेटवतो. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण शाळेच्या स्वयंपाकघरातल्या पंख्याने तुझे कान घालवले आहेत, आणि मी ओरडून बोललो की खालचा दुकानदार काय झालं म्हणून वर येतो.

पोरींची भूक बघून जीव निवतो. काल सहा अंडी, पातेलंभर बटाटे आणि एक मोठा पाव, सगळं साफ. थोरली ताट असं पुसते की धुवायचं कामच उरत नाही. धाकटी, म्हणजे आमची टिटवी, दारातून आत येते ती बोलतच, पण ताटावर बसली की एक शब्द नाही. डावा हात ताटाभोवती घालून खाते. मी म्हटलं, "अगं, मी नाही घेत तुझं." हसली, पण हात काढला नाही. उरलासुरला पाव थोरली फडक्यात बांधून नेते, वाटेत पाखरांना टाकते म्हणे. इतकी मायाळू पोर आपल्या घराण्यात कोणावर गेली कोण जाणे. तुझ्यावर तर नक्कीच नाही.

भाचा ठीक आहे. गेल्या बुधवारी भर दुपारी रस्त्यात भेटला. सुट्ट्या साठल्या होत्या त्या घेतोय म्हणाला. दारं-खिडक्यांच्या कारखान्यातसुद्धा आता माणसाला आराम मिळतो, म्हणजे जग सुधारलं म्हणायचं. सूनबाई इस्त्रीच्या दुकानात जाते. सगळं छान चाललं आहे. तू आता काम सोड आणि पाय पसरून बस.

तुझा,
बाळ्या

---

ता. १४ ऑक्टोबर

चि. बाळ्यास आशीर्वाद.

आज सोमवार. पाय सुजलेत, ते खुर्चीवर ठेवून लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर चष्मा लाव. दुकानात बसून दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासतोस आणि तुला स्वतःच्या ताटासमोरचं दिसत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आमच्याकडे रोज तीनशे दहा मुलं जेवतात. सोमवारी मी दोन पातेली जास्त चढवते, का ते विचार. शनिवार-रविवार ज्यांच्या घरी काही शिजलेलं नसतं, ती मुलं सोमवारी खातात. शुक्रवारीही जास्त लागतं, कारण तीच मुलं पुढच्या दोन दिवसांचं खाऊन ठेवतात. वरच्या साहेबांना हे कळत नाही. ते पाच दिवसांचा शिधा पाचाने भागून पाठवतात. मग मी मंगळवार-बुधवारचं चिमूटचिमूट काढून ठेवते.

तेहतीस वर्षं हेच बघते आहे. नुसतं खेळून दमलेलं पोर आरडाओरडा करत येतं, चार घास खातं, अर्धं टाकून पळतं. उपाशी पोर ओरडत नाही. आधी इकडेतिकडे बघतं. मग ताटाभोवती हात घालतं आणि बोलणं बंद करतं. आणि पाव खिशात जातो. तो पाखरांसाठी नसतो, बाळ्या. मी आजवर एकही पोर पाहिलं नाही ज्याने पाव पाखरांना टाकला.

साठलेल्या सुट्ट्या बुधवारी भर दुपारी रस्त्यात हिंडून कोणी घेत नाही. त्याचं काम कमी झालं आहे.

आता नीट वाच. मुलींना शाळेत जेवण मिळतं का, एवढंच शोधून काढ. मुलींना विचारू नकोस, त्या खोटं बोलतील आणि मग तुझ्याकडे यायला लाजतील. माझ्या मुलाला तर मुळीच विचारू नकोस. बटाटे जास्त टाक, पाव दोन आण आणि गप्प बस. एवढं तुला जमेल ना?

ताई

---

ता. २३ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. मी दर रविवारी टाळ्या वाजवत बसलो होतो ग. "शाबास, अजून घे, कशी खाते बघा माझी वाघीण."

शोधून काढलं. दुकानात त्या शाळेच्या एक बाई चष्मा न्यायला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. इथे जेवण सगळ्यांना नाही. ज्या घरात मिळकत कमी, त्या घराने अर्ज करायचा, अकरा पानांचा. त्यावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. नोव्हेंबर संपायच्या आत दिला तर ठीक, नाही तर मार्चपर्यंत काही नाही. आपल्या घरचा अर्ज आलेला नाही. दुपारच्या सुट्टीत दोघी बहिणी मागच्या पायऱ्यांवर बसतात आणि 'आम्ही घरून खाऊन आलो' असं सांगतात.

रविवारी भाचा मुलींना घ्यायला आला तेव्हा त्याच्याशी थोडं बोलणं झालं. तो जरा तापला, पण ते व्हायचंच. शांत होईल. तू काळजी करू नकोस.

बाळ्या

---

ता. २९ ऑक्टोबर

बाळ्या,

थोडं बोलणं झालं म्हणजे किती झालं? तू काय म्हणालास आणि तो काय म्हणाला, ते शब्दच्या शब्द लिही.

परवाच्या रविवारी मुली आल्या का?

मी त्या शाळेच्या स्वयंपाकिणीला पत्र टाकलं आहे. ओळखपाळख नाही. पाकिटावर शाळेचं नाव आणि खाली 'स्वयंपाकघर' एवढंच लिहिलं. त्यांच्याकडे कसं वाढतात ते विचारलं आहे. स्वयंपाकीण स्वयंपाकिणीला उत्तर देईल.

ताई

---

ता. ५ नोव्हेंबर

ताई,

मुली आल्या नाहीत. २७ तारखेलाही नाही आणि परवाही नाही. दोन्ही रविवारी मी पातेलं चढवून जिन्याकडे कान लावून बसलो. ते बटाटे चार दिवस मीच खाल्ले.

उचलली जीभ लावली टाळ्याला, आयुष्यभर माझं असंच झालं. तू सांगितलं होतंस गप्प बस. मी दारातच त्याला म्हणालो, "तुझी आई तीनशे पोरं जेवू घालते, आणि तिच्या नाती माझ्या घरून पावाचे तुकडे बांधून नेतात. एक सही करायला काय हात झिजतो?" थोरली तिथेच उभी होती. तिने फडकं पाठीमागे लपवलं. भाच्याने ते तिच्या हातून घेतलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या मुली त्या रांगेत उभ्या राहणार नाहीत. तिथे मला काय वाढलं ते तुझ्या बहिणीला विचार."

आणि गेला. आठवड्यातलं एक पोटभर जेवण होतं मुलींचं, तेही मी बंद करून बसलो.

मी सूनबाईला तिच्या दुकानात गाठलं. ती इस्त्री चालवत चालवतच बोलली. कारखान्यात आता तीनच दिवस काम आहे, उन्हाळ्यापासून. अर्ज तिने केव्हाच भरला आहे, घरी आरशामागे ठेवलेला असतो, फक्त याची सही राहिली आहे. त्या दिवशी तिच्या पिशवीत होता, तो मला दाखवला. सहाव्या पानावर प्रश्न आहे, घरात दिवसातून किती वेळा जेवण होतं. तिथे आधी 'तीन' लिहिलं होतं. ते खोडून 'दोन' केलंय, आणि 'दोन'ही अर्धवट पुसलंय. ती म्हणाली, "मामा, झाकली मूठ सव्वा लाखाची असं हे म्हणतात. पण मुठीत काही नाहीच, तर हात तरी किती दिवस दुखवायचा?"

ताई, तुझा मुलगा असं का म्हणाला? आईच वाढायला असताना पोराला काय कमी पडणार? मला काही कळलं नाही. तुला कळतं का?

बाळ्या

---

ता. १२ नोव्हेंबर

चि. बाळ्या,

मला कळतं.

तू तेव्हा बाहेरगावी काम शिकत होतास. याचे वडील गेले आणि मला शाळेत स्वयंपाकाचं काम लागलं. मुलगाही त्याच शाळेत, सात वर्षांचा. तेव्हा आमच्याकडे दोन रांगा होत्या. पैसे भरणाऱ्यांना चिनी मातीची ताटं आणि फुकट जेवणाऱ्यांना पत्र्याची. माझा मुलगा पत्र्याच्या रांगेत.

माझ्याआधीच्या बाईला पदराखालून डबा नेला म्हणून काढलं होतं. माझ्या पहिल्याच आठवड्यात भांडारवाला सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "आता स्वयंपाकिणीचं पोर चांगलं गुबगुबीत होणार." सगळे हसले. त्या दिवसापासून मी त्याला अर्धी पळी वाढली. दुसऱ्यांना एक, त्याला अर्धी. सगळ्यांना दिसेल अशी. रोज. चार वर्षं.

लोक म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं. माझ्या पोराची वाढपी त्याची आई होती, आणि त्या रांगेत सगळ्यांत कमी त्यालाच मिळालं.

त्याने कधी मागितलं नाही. एकदाच, थंडीचे दिवस होते, त्याने वाढून झाल्यावरही ताट पुढे धरून ठेवलं. भांडारवाला दारात उभा होता. मी मोठ्याने म्हणाले, "पुढे सरक." तो सरकला. दुसऱ्या दिवसापासून रांगेत आलाच नाही. मित्राच्या डब्यातलं खातो म्हणाला, आणि मी ते खरं मानलं. खरं मानणं मला सोयीचं होतं. उपाशी पोर कसं ओळखायचं हे आज सगळ्या शाळेला मी शिकवते, आणि ते मी कोणाकडे बघून शिकले हे कोणाला ठाऊक नाही.

मला वाटत होतं, मोठा झाल्यावर त्याला कळेल की माझी नोकरी गेली असती तर दोघंही रस्त्यावर आलो असतो. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. तो दर महिन्याला पत्र लिहायचा, मग वर्षातून दोनदा, आता तेही नाही. मी समजत होते, संसारात गुंतला.

तू आता काही करू नकोस. त्याच्या घरी जाऊ नकोस, खाऊ पाठवू नकोस. मी त्याला लिहिते.

ताई

---

ता. १५ नोव्हेंबर

चि. मुला,

हे पत्र फाडायचं असेल तर सगळं वाचून मग फाड.

मामा दारात जे बोलला ते चूक होतं. त्याची जीभ तुला माहीत आहे. मुलींना त्याची शिक्षा नको.

मी तुला कमी वाढलं. मुद्दाम वाढलं. नोकरी जाईल म्हणून भ्याले होते. कारण खरं आहे, पण तुझं पोट त्या कारणाने भरलं नाही, हेही खरं आहे. तुला 'पुढे सरक' म्हणाले ते मला आजही ऐकू येतं, बाकी काही ऐकू येत नसलं तरी. माफी माग म्हणशील तर मागते. पण आधी मुलींचं बघू.

त्यांच्या शाळेच्या स्वयंपाकिणीचं मला उत्तर आलं आहे. तिच्याकडे एकच रांग आहे. ताटं सगळ्यांची सारखी. कोण पैसे भरतो आणि कोण अर्जावर जेवतो हे वाढणाऱ्यांना माहीत नसतं, यादी कचेरीत असते. आणि किती वाढता असं मी विचारलं होतं, तर तिने लिहिलं आहे, "पोर पुरे म्हणेपर्यंत." तिचंच पत्र सोबत ठेवते आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, जाऊन बघ. स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगाला आहे, बाराला पहिली पंगत बसते.

मग सही कर. महिना संपायला पंधरा दिवस आहेत.

तुझी आई

---

ता. २ डिसेंबर

ती. ताईस,

नमस्कार, आणि खाली बस, मग वाच.

काल दहाला जिना वाजला. मी एक प्रश्न विचारला नाही, तोंडात पाव कोंबून बसलो. पण टिटवी असताना विचारायची गरज काय? ती म्हणाली, "मामाआजोबा, बाबा आमच्या शाळेत पातेलं उचलायला आला होता."

झालं असं. २० तारखेला, बुधवारी, भाचा स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. कोणाला काही सांगेना, नुसता बघतोय. स्वयंपाकीणबाईंना वाटलं शेगडी दुरुस्त करणारा आला, त्यांनी त्याला भरलेलं पातेलं उतरवायला लावलं. त्याने उतरवलं. मग दोन्ही पंगती उठेपर्यंत भिंतीला टेकून उभा होता. दुसऱ्या पंगतीनंतर कचेरीत गेला आणि अर्ज देऊन आला. खिशातच होता, घरून सही करून नेलेला. २५ पासून दोघी शाळेत जेवताहेत.

आता खरी बातमी. काल थोरलीने ताटात अर्धा बटाटा तसाच टाकला. "नको आता," म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. अन्न टाकलं म्हणून मी लहानपणी तुझ्या हातचा मार खाल्ला आहे, आठवतं? काल मी तो अर्धा बटाटा बघून डोळे पुसले. टिटवीचा हात मात्र अजून ताटाभोवतीच आहे. तिला वेळ लागेल.

भाचा न्यायला आला तेव्हा दारात थांबला. मी म्हटलं, "ये, चहा घे." नको म्हणाला, पण रागाने नाही. बारीक झालाय ग. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय.

बाळ्या

---

ता. ८ डिसेंबर

ती. आई,

सही केली. तुझ्यासाठी नाही केली. मी कारखान्यात डबा खातो तेव्हा अजून भिंतीकडे तोंड करून बसतो. धाकटीही तसंच करायला लागली होती, म्हणून केली.

ती बाई खरंच पुरे म्हणेपर्यंत वाढते. एका मुलाने चार वेळा घेतलं. पाचव्यांदा तिनेच विचारलं, अजून हवं का.

तू पत्रात लिहिलंस त्यात मला नवीन काही नव्हतं. अर्धी पळी का, ते मला तेव्हाच माहीत होतं. भांडारवाल्याचं बोलणं मीही ऐकलं होतं. सात वर्षांचा होतो, खुळा नव्हतो. मी रांगेत यायचं सोडलं ते तुला रोज तसं करावं लागू नये म्हणून. त्याचा राग मला कधीच नव्हता.

मामाला मी तसं का म्हणालो, ते मलाही नंतर नीट कळलं. आई, रांगेत भांडारवाला बघत होता. पण संध्याकाळी आपण घरी यायचो, तू दार लावायचीस, खोलीत आपण दोघंच असायचो. तू पाय चेपत बसायचीस, मी अभ्यास करायचो. चार वर्षांत एकदाही तू मला विचारलं नाहीस, भूक लागली का म्हणून. तिथे कोण बघत होतं?

इतकंच. मुली बऱ्या आहेत. काम अजून तीनच दिवस आहे.

तुझा मुलगा

---

ता. १३ डिसेंबर

चि. मुला,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते. आज पुरं करते.

तिथे कोणी बघत नव्हतं. मी विचारलं नाही कारण डब्यात काही नव्हतं. सकाळचा पाव असायचा तो मी तुला विचारल्याशिवाय द्यायची, आणि त्यानंतर काही नसायचं. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. मग मी काय केलं असतं? म्हणून मी तुझ्याकडे बघायचीच नाही. पाय चेपत बसायची. पाय इतके दुखत नव्हते.

तू रांग सोडलीस ती माझ्यासाठी, हे मला आज कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला सांभाळलं.

त्या अर्जावर मुलींचं जेवण मिळतं, मोठ्यांचं नाही, हे मला माहीत आहे. बाळ्याने तुझ्या पट्ट्याचं लिहिलं आहे. अकरा पानांत कुठेही तुझ्याबद्दल प्रश्न नसणार.

शाळा वीस तारखेला बंद होते. बावीसला रविवार आहे, मी त्या दिवशी बाळ्याकडे उतरते. मुलींबरोबर तूही वर ये, दारात थांबू नकोस. सूनबाईलाही आण.

तोवर हे पत्र मिळाल्यावर मला एक ओळ लिही. मी कोपऱ्यात बसलेले नाही, पाय चेपत नाही, तुझ्याकडे बघून विचारते आहे. तुला भूक लागली आहे का? हो असेल तर हो लिही.

आई